गिरणीवरचा फळा

“समुद्रघोड्यांच्यात पिल्लं पोटात कोण वाढवतं, सांग बघू?”

आबा खिडकीच्या गजांपलीकडे उभे होते. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते, तरी ते कसे दिसत असतील हे मला वळून न बघताही माहीत होतं. केसांवर पीठ, भुवयांवर पीठ, कानांच्या पाळ्यांवर पीठ. मान हलवली की त्यातलं थोडं खाली झडायचं.

“नर!” माझी वाट बघून त्यांनीच सांगून टाकलं. “त्याच्या पोटावर पिशवी असती म्हणे. मादी त्यात अंडी घालून मोकळी. पुढचं सगळं ह्यानं निस्तरायचं. बाळंतपण पण ह्याचंच. खरं का?”

मी पांघरूण खांद्यापर्यंत ओढलं.

“लावू का?”

माझ्याऐवजी अंगणातून हौसाक्का बोलल्या. पलीकडच्या आळीतल्या हौसाक्का दर दोन-चार दिवसांनी दळणाचा डबा घेऊन यायच्या आणि दळण होईपर्यंत गल्लीची खबर घ्यायच्या.

“आगं बया, असलं कुठं असतंय व्हय? आमच्या ह्यास्नी येऊन सांगा की एकदा. साधी पोटात कळ आली तर सगळी आळी गोळा करत्यात.”

“थांबा हौसाक्का, खरं का ते ठरू दे. मग फळ्यावर लावतो.”

“ठरवा बाबा. आणि तो फळा रस्त्याकडं तोंड करून लावा की ओ एकदाचा! वाचायचं म्हटलं की मान वाकडी करावी लागतीया.”

“तिकडं ऊन लागतंय. अक्षर दिसत न्हाई,” आबा म्हणाले. हे उत्तर मी जन्मापासून ऐकत आले होते.

गडहिंग्लजला आमचं घर आणि आमची पिठाची गिरणी यांच्यामध्ये एवढंसं अंगण आहे. गिरणीच्या बाजूच्या भिंतीवर काळा फळा. वरच्या अर्ध्यात कामाचं लिहिलेलं: सकाळी ज्वारी, दुपारी गहू, मिरची दळून मिळणार नाही. खालच्या अर्ध्यात आबांचं नवल. दळणाला आलेली बाई डबा रांगेत ठेवून मान वाकडी करायची आणि वाचायची. हत्तीला उडी मारता येत नाही. क्लिओपात्रा राणी पिरॅमिड बांधले त्या काळाला जेवढी जवळ, त्यापेक्षा माणूस चंद्रावर गेला त्या काळाला जास्त जवळ. जगातली सगळ्यात छोटी लढाई तासाभराच्या आत संपली. (यावर हौसाक्का म्हणाल्या होत्या, “त्यात जावाजावा नसतील.”) आबांची शाळा सातवीत सुटलेली. पण रद्दीत आलेली पुरवणी, रेडिओवरचं भाषण, पुडीचा कागद, जिथं म्हणून काही नवल दिसेल ते ते उचलून खिशात टाकायचे.

फक्त एक नियम होता. कुणी जाणत्यानं ‘खरंय’ म्हटल्याशिवाय नवल फळ्यावर चढायचं नाही. मी लहान होते तेव्हा तो मान आईचा. आई मॅट्रिक झालेली, वाचनालयातली पुस्तकं घरी आणणारी. ती गेली तेव्हा मी कोल्हापूरला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होते. मान माझ्याकडे आला. होस्टेलच्या फोनवर आबा कधी ‘जेवलीस का’ असं विचारायचे नाहीत. थेट “गांडुळाला डोळं नसत्यात म्हणे, खरं का?” मी बघून सांगायची, “खरंय.” मग “लावू का?” मग “लावा.” एवढं झालं की आबा फोन ठेवायचे. मला कळायचं, घरी सगळं बरं आहे. त्यांनाही कळत असावं.

आणि आता मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते, त्याच खिडकीच्या आत पडले होते, आणि आबांना तेवढा एक शब्द देणं मला जमत नव्हतं.

“बरं, मग राहू दे,” आबा म्हणाले आणि फळ्याचा खालचा अर्धा तसाच कोरा ठेवून गिरणीत गेले.

लाईट गेली की गिरणीचा पट्टा लगेच थांबत नाही. आधीच्या जोरावर थोडा वेळ फिरत राहतो. बघणाऱ्याला वाटतं, चालू आहे. रेवा झाल्यापासून मी तशी होते. अनसूआत्या, म्हणजे आबांची थोरली बहीण, माझं बाळंतपण करायला येऊन राहिली होती. ती बाळाला आणून माझ्याजवळ द्यायची. मी पाजायची. पोट भरलं की आत्याकडे परत द्यायची. दुसऱ्याचा डबा भरून द्यावा तसं. रेवाची बोटं, तिची नखं, जांभई, सगळं मला दिसायचं. पण ते बघून जे वाटायला हवं असं सगळे म्हणत होते, ते कुठून काढायचं ते कळत नव्हतं. मी रडतही नव्हते. नुसती भिंतीकडे तोंड करून पडायची. झोप यायची नाही. बोलायला तोंड उघडावं, तर एवढ्याशा गोष्टीसाठी एवढी मेहनत कशाला, असं वाटायचं.

बारसं पुढं ढकललं. ‘बाळंतीण जरा अशक्त आहे’ असं आत्या येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगायची. तिनं दृष्ट काढली, मीठ-मोहऱ्या चुलीत तडतडल्या. सुहास, माझा नवरा, पुण्याहून शनिवारी यायचा. एकदा त्यानं माझ्या पायांवरचं पांघरूण नीट करत विचारलं, “विनया, आपण डॉक्टर नेसरीकरांकडे जाऊन येऊ या का? नुसतं बोलायला.”

“मला काय झालंय?” मी म्हटलं. नेसरीकर मनाच्या आजारांच्या डॉक्टर, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

“काही नाही गं. नुसतं...”

“मला कुठंही न्यायचं नाही.”

मी प्राणिशास्त्र शिकवत होते. अशा आजाराला काय म्हणतात हे मी वाचलेलं होतं. पण वाचलेलं आपल्यालाही लागू होतं, हे त्या दिवसांत माझ्या डोक्यात शिरायलाच तयार नव्हतं. आत्यानं विचारलं, पुन्हा सुहासनं विचारलं, दर वेळी मी भिंतीकडे वळले. शेवटी दोघांनी विचारणं सोडलं.

आबांनी मात्र विचारलंच नाही. ते खोलीतही यायचे नाहीत. “अंगावर पीठ हाय, लेकराच्या नाकात जाईल,” म्हणायचे आणि खिडकीशी उभे राहायचे. रोज एक नवल. एकदा सांगितलं, शुक्राला स्वतःभोवती एक गिरकी घ्यायला इतका वेळ लागतो की तेवढ्यात त्याची सूर्याभोवतीची अख्खी फेरी होऊन जाते. “म्हणजे तिथं वर्षापेक्षा दिवस मोठा. खरं का, विनू?”

खरं होतं. मी तिथंच राहत होते. पण सांगितलं नाही.

मग एका सकाळी रेवाला पाजताना मान जरा वळली आणि खिडकीतून फळा दिसला. बऱ्याच दिवसांनी त्याच्या खालच्या अर्ध्यात अक्षरं होती. आबांचं अक्षर टपोरं, लांबून वाचता येतं.

‘शहामृग घाबरले की वाळूत डोके खुपसते.’

मी पुन्हा वाचलं. हे चूक होतं. आणि हे चूक आहे हे आबांना माहीत होतं. मी पहिल्या वर्षाला असताना त्यांनी हेच फोनवर विचारलं होतं आणि मी सांगितलं होतं की ही नुसती समजूत आहे. पुढं कितीतरी दिवस दळणाला येणाऱ्या प्रत्येकाला ते शहामृगाची बाजू समजावून सांगत होते.

असेल. विचारायला कुणी नाही म्हणून लिहिलं असेल. मी डोळे मिटले.

दोन दिवसांनी फळ्यावर होतं, ‘वटवाघूळ आंधळे असते.’

अंगणात कुणीतरी हसलं. कोपऱ्यावर मोबाईलचं दुकान असलेला दीपक होता. “काय आबा, चष्मा कुणाला लागलाय, वटवाघळाला का तुम्हाला?”

“का रं? चुकलं व्हय?”

“आमच्या पोराच्या पुस्तकात लिहिलंय, वटवाघळाला दिसतंय म्हणून.”

“असंल,” आबा म्हणाले. “असंल बाबा. आता कुठलं ध्यानात राहतंय?”

माझ्या हातातल्या रेवानं तोंड बाजूला घेतलं आणि कुरकुर केली. मी तिला पुन्हा लावलं, पण कान अंगणातच होते. आबा आणि ‘ध्यानात राहत नाही’? कुणाच्या डब्यात लोकवन गहू, कुणाच्या डब्यात सिहोर, कुणाला पीठ जाडसर, कुणाला भाकरीचं मऊ, कुठल्या बाईच्या डब्याला कुठल्या रंगाचा दोरा, हे सगळं ज्यांच्या ध्यानात असतं ते आबा?

तिसऱ्या दिवशी ते खिडकीशी आले.

“ऑक्टोपसला दोन हृदयं असत्यात. लावतो बघ.”

खरं का, असंही विचारलं नाही. लावू का, असंही नाही. लावतो.

“तीन,” मी म्हटलं.

माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

“काय म्हणालीस?”

“तीन असतात.”

“दोनच गं. मी वाचलंय.”

मी वळले. किती दिवसांनी त्यांच्याकडे नीट बघत होते कोण जाणे. पिठाखालचा चेहरा बारीक झाला होता. “आबा, तीन. दोन कल्ल्यांसाठी, एक बाकीच्या अंगासाठी. मीच सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही म्हणाला होता, एक मोडलं तरी दोन शिल्लक.”

“मी म्हणालो होतो?” आबांनी कपाळाला हात लावला. कपाळावर पिठाची पाच बोटं उमटली. “आठवत न्हाई बघ.”

आणि जाऊन त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘ऑक्टोपसला दोन हृदये असतात.’

मी खाटेवर उठून बसले.

संध्याकाळी आत्यानं तिचा मोबाईल माझ्यापुढं धरला. दीपकनं फळ्याचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला होता. खाली हसून डोळ्यांत पाणी आलेले पिवळे चेहरे, एकाखाली एक. कुणी लिहिलं होतं, ‘आबांची गिरण रिकामी फिरायला लागली.’ कुणी, ‘वयोमान, दुसरं काय.’

मला राग आला. कानशिलं गरम झाली. तो राग इतका आपला, इतका ओळखीचा वाटला की क्षणभर मी त्याच्याकडेच बघत राहिले. कितीतरी दिवसांनी मला काहीतरी आलं होतं. आणि राग ओसरला तिथं भीती होती. आबा विसरायला लागलेत. आज ऑक्टोपस, उद्या गिरणीचं बटण, परवा घरचा रस्ता. आई नाही. मी लग्न होऊन इचलकरंजीला नोकरीवर, सुहास पुण्याला. कोण बघणार?

“आत्या, आबांना डॉक्टरकडे न्यायला पाहिजे.”

आत्या रेवाच्या अंगाला तेल लावत होती. तिचा हात थांबला नाही. “ने की. माझं ऐकतोय होय तो? लहानपणापासनं ऐकलं न्हाई. तुझं ऐकंल.”

“मी कशी जाऊ?”

“मग राहू दे. हौसाक्का म्हणत होती, फळ्यावर काय बी लिव्हतोय पण दळण अजून पहिल्या नंबरचं देतोय. दळण हाय तवर चालतंय म्हणायचं.” आणि ती रेवाला पालथी घालून पाठ चोळायला लागली.

ती चालतंय म्हणाली. मला चालणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी अंघोळ केली ती स्वतःहून. केसांत गुंता इतका झाला होता की आत्याला फणी घेऊन मागं बसावं लागलं. बाळंतपणाआधीचा एकही ड्रेस अंगात जाईना, म्हणून आईची सुती साडी काढली. खिडकीतून हाक मारली, “आबा, अंगावरचं पीठ धुवा. आपल्याला डॉक्टर नेसरीकरांकडे जायचंय.”

“कुणाला?”

“तुम्हाला.”

मला वाटलं होतं, वाद घालतील. ते म्हणाले, “बरं,” आणि फळ्याच्या वरच्या अर्ध्यात लिहून आले, ‘आज गिरण बंद.’ आई गेली त्या दिवसांनंतर मी ती ओळ पाहिली नव्हती.

रेवाला घरी ठेवता येईना, ती पिणारी. आत्या म्हणाली, “घेऊन जा. मी कुठं दवाखान्यात बसू? ऑटोनं जावा, तेवढंच लेकराला ऊन लागंल.” तिनं रेवाला दुपट्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं. ऑटोत बसताना साडी सावरेना, म्हणून मी बाळ आबांकडे दिलं. अंघोळ करून पांढरा सदरा घातलेले आबा पीठ नसताना जास्त म्हातारे दिसत होते. त्यांनी रेवाला त्या दिवशी पहिल्यांदा घेतलं. दोन्ही हात पुढं करून, भरलेला डबा घेतात तसं, न सांडता. मग सगळ्या रस्ताभर एक शब्द बोलले नाहीत. मी त्यांच्याकडेच बघत होते. ओठ हलतात का, कुठं चाललोय हे विसरले का.

“आबा, आपण कुठं चाललोय?”

“डॉक्टरकडं.”

“कुठल्या?”

“नेसरीकर मॅडम. माझ्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणून,” ते रेवाकडे बघत म्हणाले, “तुझी आई मला दाखवायला घेऊन चाललीया गं.”

डॉक्टर नेसरीकर साठीच्या, चष्मा गळ्यात अडकवणाऱ्या. त्यांच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला दोन खुर्च्या. आबा एकीत बसले, रेवा त्यांच्या मांडीवर. मी दुसरीत. मीच बोलायला लागले. इतकं बोलायला लागले की मध्ये दम लागला. “ह्यांना आठवत नाही, मॅडम. इतक्या वर्षांत फळ्यावर कधी चूक नाही आणि आता रोज. शहामृग झालं, वटवाघूळ झालं, ऑक्टोपसला तर मी सांगूनसुद्धा. लोक हसायला लागलेत. आधी ह्यांची तपासणी करा. लागेल ते करा.”

डॉक्टरांनी चष्मा लावला. “आबा, ऑक्टोपसला किती हृदयं?”

“तीन,” आबा म्हणाले. “दोन कल्ल्यांसाठी, एक बाकीच्या अंगासाठी. रक्त निळं.”

“वटवाघूळ?”

“आंधळं नसतंय. काही जाती आवाजानं वाट काढत्यात. पण फळं खाणारी मोठी, ती डोळ्यानंच बघत्यात.”

“आणि शहामृग?”

“वाळूत डोकं खुपसलं तर गुदमरून मरंल की ते. अंडी खड्ड्यात असत्यात, ती चोचीनं फिरवायला वाकतं. लांबनं बघणाऱ्याला वाटतं, डोकं पुरलं.”

खोलीत पंखा फिरत होता. मी आबांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

“मॅडम, माझं डोकं जाग्यावर हाय,” ते म्हणाले. “मी नुसता सोबतीला आलोय. पेशंट ही हाय.”

उठून निघून जावं, असं वाटलं. खरंच अर्धी उठलेही. पण रेवा त्यांच्या मांडीवर होती आणि झोपली होती. तिला त्यांच्या हातातून काढून घ्यायचं म्हणजे उठवायचं. मी पुन्हा बसले.

“आबा मागच्या आठवड्यात येऊन गेलेत माझ्याकडे,” डॉक्टर म्हणाल्या. “म्हणाले, लेक येणार नाही. पण मी आणीन.”

“तुम्ही मला फसवलंत,” मी आबांना म्हटलं.

“व्हय,” आबा म्हणाले.

मग ते बोलायला लागले, पण माझ्याशी नव्हे. डॉक्टरांच्या टेबलावरच्या काचेच्या गोळ्याकडे बघत, रेवाच्या पाठीवर तळहातानं हळूहळू थापटत.

“हिची आई अशीच पडायची, मॅडम. हिच्या वेळंला. त्याच खोलीत, त्याच भिंतीकडं तोंड करून. ही एवढी होती. मला वाटलं, माझ्यावर रागावली. पोरगी झाली म्हणून मी नाराज असीन असं तिला वाटलं काय, म्हणून मी पेढं वाटलं. तरी बोलंना. लोक म्हणालं, वारं लागलं. मग अंगारा आणला. आमच्यात तवा डॉक्टरला दाखवायचं हे कुणाच्या डोक्यातच न्हवतं. मी सातवी. मला काय बोलायचं ते सुचंना. मी आपला गिरणीत. एक दिवस पुडीच्या कागदावर काहीतरी वाचलं, ते तिला दिसावं म्हणून फळ्यावर लिहिलं. फळा तवा रस्त्याकडं होता. तिकडनं काढून घराकडं लावला, खिडकीसमोर. पडल्या पडल्या दिसंल अशा बेतानं.”

मला हौसाक्का आठवल्या. मान वाकडी करून वाचणारी सगळी गल्ली आठवली.

“रोज लिहायचो. ती बघायची न्हाई. आणि एक दिवस मी लिहिलं, वटवाघूळ आंधळं असतं. मला ते खरंच वाटायचं. तर खिडकीतनं आवाज आला, ‘कुणी सांगितलं तुम्हाला? रोज संध्याकाळी बरोब्बर आपल्याच पेरूवर कशी येत्यात मग?’” आबांनी रेवाचं दुपटं सारखं केलं. “इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा बोलली. माझी चूक काढायला. मी म्हटलं, मग खरं काय ते तूच सांग. तिनं पुस्तक मागवलं. तिथनं हळूहळू उठली. पण लई दिवस गेलं मॅडम. लई दिवस. आता कळतंय, ते इतकं जायला नको हुतं.”

रेवानं झोपेत ओठ चोखले.

“तवा मी चुकून चुकलो हुतो,” आबा म्हणाले. “ह्या वेळंला ठरवून.”

डॉक्टरांनी माझ्याकडे खुर्ची वळवली. त्यांचा आवाज अगदी साधा होता, ताप कधीपासून आहे असं विचारावं तसा. “विनया, झोप लागते?”

मीही त्या काचेच्या गोळ्याकडे बघायला लागले.

“बाळाकडे बघितल्यावर काय वाटतं? काहीच वाटत नाही, असं होतं का? आणि मग वाटत नाही म्हणून आपलंच काहीतरी चुकतंय, असं?”

मी साडीचा काठ बोटाभोवती गुंडाळत होते. आईची साडी. तिनंही कधी तो काठ असाच गुंडाळला असेल. तोंड उघडायचं होतं, आणि एवढ्याशा गोष्टीसाठी लागणारी ती मेहनत पुन्हा समोर येऊन उभी राहिली.

“विनू,” आबा म्हणाले. खिडकीपलीकडून विचारायचे त्याच आवाजात. “मॅडम म्हणत्यात ते... खरं का?”

मी त्यांच्याकडे बघितलं. भुवईत एका ठिकाणी अजून पीठ राहिलं होतं.

“खरंय,” मी म्हटलं.

आणि मग मला रडू आलं. डॉक्टरांनी थांबवलं नाही. आबांनीही नाही. त्यांनी फक्त रेवाला या हातावरून त्या हातावर घेतलं, म्हणजे माझ्या बाजूचा हात मोकळा होईल.

औषधं चालू झाली. दर आठवड्याला डॉक्टरांकडे जायचं ठरलं. बरं वाटायला लागलं ते एका दिवसात नाही. आत्याच्या भाषेत, तापलेलं दूध निवावं तसं, आपल्या आपण, बघत बसलं तर कळणारही नाही असं. पण त्या पहिल्या दिवशी ऑटोतून घरी येताना मी आबांना म्हटलं, “लोक हसले तुम्हाला. ग्रुपवर काय काय लिहिलंय.”

“हसू दे की. दळण हुईस्तवर तेवढाच टाईमपास.”

“फळा पुसा तरी आता.”

“तूच पूस,” आबा म्हणाले. “मला कुठं आठवतंय खरं काय ते?”

आणि खरोखर त्यांनी तो पुसला नाही. ‘ऑक्टोपसला दोन हृदये असतात’ हे आमच्या भिंतीवर उभं राहिलं. येणारा-जाणारा हसायचा, दीपक रोज नवा विनोद करायचा, आणि आबा “व्हय का?” म्हणून डबा उचलायचे. का चुकलो, हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. गावाच्या लेखी ते जरा विसरभोळे झाले ते झालेच.

एका सकाळी रेवा माझ्या खांद्यावर होती. तिनं ढेकर दिली आणि मान मागं नेऊन माझ्याकडे बघून हसली. पहिल्यांदा हसली, असं नाही म्हणणार. आधीही हसली असेल, मला दिसलं नसेल. मी तिला तशीच घेऊन पायऱ्या उतरले, अंगण ओलांडलं, ओल्या फडक्यानं ती ओळ पुसली आणि खडू घेतला. एका हातात मूल, त्यामुळे अक्षर वाकडं येणार होतं. गिरणीचं दार उघडं होतं. आबा पिठात उभे राहून बघत होते.

“आबा, मूल पोटात असताना त्याच्या काही पेशी आईच्या रक्तात जातात. मूल झाल्यावरही त्यातल्या काही तिथंच राहतात. कितीतरी वर्षं.”

“खरं का?”

“खरंय.”

“म्हणजे तू तिच्यात...” ते म्हणाले आणि खोलीच्या खिडकीकडे बघायला लागले. आईचा विचार करत असणार. मीही करत होते.

“लावू का?” मी विचारलं.

आबांनी बाहीनं तोंड पुसलं, त्यामुळे तोंडावर आणखीच पीठ लागलं. “लाव,” म्हणाले.

त्यानंतर आठ दिवसांनी बारसं झालं. 

आता रेवा दुसरीत आहे. मी पुन्हा त्याच खोलीत, त्याच खाटेवर आहे. तिचा भाऊ माझ्या बाजूला मुठी आवळून झोपलाय, म्हणून हे लिहायला सवड मिळाली. या वेळी डॉक्टर नेसरीकर आधीपासूनच सोबत आहेत. आबा आता दळण करत नाहीत. गिरणीच्या दाराशी खुर्ची टाकून बसतात आणि दळणाऱ्या माणसाला सूचना देतात. फळा अजून घराकडे तोंड करून आहे.

आज सकाळी मी कूस बदलली. नुसती पाठ अवघडली होती. भिंतीकडे तोंड झालं असेल-नसेल, तेवढ्यात खिडकीच्या गजांशी आवाज आला.

“आई, गोगलगायीला एकसुद्धा दात नसतो. लावते बरं का!”

मी वळून बघितलं. रेवा टाचा उंचावून उभी होती, हातात खडू, नाकावर पीठ. गोगलगायीवर तिनं शाळेत निबंध लिहिला आहे, तिच्या जिभेवर हजारो बारीक दात असतात हे मीच तिला दाखवलेलं आहे. ती चेहरा अगदी सरळ ठेवून माझ्याकडे बघत होती. तिच्या मागं, खुर्चीत, आबा दुसरीकडेच बघत होते.

“हजारो असतात!” मी ओरडले. बाळ दचकलं, पण जागं झालं नाही.

“खरं का?”

“खरंय गं बाई.”

“मग तसं लावू का?”

“लाव,” मी म्हटलं, आणि ती पळत फळ्याकडे गेली.